सव्वीस वर्षं औषधं शोधली, दुकानात एकही नाही. विचारा काय विचारायचं ते

बेन्झीनबाई
गेल्या महिन्यात बहिणीकडे साखरपुडा होता. तिथे धाकट्या भाचीने सगळ्यांसमोर विचारलं, मावशी तू इतकी वर्षं औषधं शोधायचं काम केलंस ना, मग तुझं औषध कुठलं, मेडिकलमधे मिळतं का? म्हटलं एकही नाही. सगळे हसले, भावोजी म्हणाले म्हणजे फुकट पगार खाल्ला की. मीही हसले पण परत येताना गाडीत तेच डोक्यात.

तर हिशोब इथेच मांडते. मी मेडिसिनल केमिस्ट. पुणे विद्यापीठातून ऑरगॅनिकमधे एमएस्सी, १९९८ ला नोकरीला लागले, २०२४ ला सोडली. तीन कंपन्या झाल्या, नावं विचारू नका. माझ्या हातचे नवीन रेणू, म्हणजे त्याआधी जगात कुणीच बनवले नव्हते असे, साडेनऊशेच्या आसपास. त्यातला माणसाच्या पोटात गेला एक, तोही फेज वनमधेच, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या पहिल्याच टप्प्यात थांबला. पेटंटवर नाव सात ठिकाणी, त्यातल्या एका ठिकाणी आडनाव चुकलंय. दुकानात शून्य.

यात मला काही लाज वाटत नाही हेही सांगून ठेवते. नव्या औषधाला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहातलं जेमतेम एक बाजारात येतं. चाचण्यांपर्यंतही न पोचलेल्यांची तर गणतीच नाही, आणि माझं सगळं आयुष्य त्या गणतीत नसलेल्यांमधे गेलं.

सोलकढी_फुल्ल
मस्त धागा. पण आधी हे सांगा की रेणू "बनवतात" म्हणजे नक्की काय करतात? माझ्या डोळ्यासमोर धूर निघणाऱ्या नळ्या येतात.

बेन्झीनबाई
धूर निघाला तर सेफ्टीवाला येतो :)

बघा, बायोलॉजीवाले सांगतात की अमुक प्रोटीन अडवलं तर साखर कमी होईल असं वाटतंय. मग त्या प्रोटीनवर हजारो जुने रेणू टाकून बघतात, त्यात एखादा जरासा चिकटतो, त्याला हिट म्हणायचं. हिट म्हणजे रेडिमेड ब्लाऊज, बाई त्यात कशीबशी शिरलीय इतकंच. मग आमचं काम, इथे टीप घाल, तिथे उसव, बाही आखूड कर, परत घालून बघ. पण अंगाला बसला म्हणजे झालं असं नाही, तो धुण्यात टिकला पाहिजे (लिव्हर म्हणजे धोबीघाटच), रंग दुसऱ्या कपड्यांना लागता कामा नये, आणि शेवटी असा शिवता आला पाहिजे की हजारो नग निघतील. एक टीप घातली की दुसरीकडे झोळ येतो. सव्वीस वर्षं झोळ काढले.

रोजचं म्हणाल तर सकाळी आरबीमधे, म्हणजे गोल बुडाच्या चंबूत, रिॲक्शन लावायची, दर अर्ध्या तासाने टीएलसी पट्टीवर ठिपका देऊन यूव्ही दिव्याखाली बघायचं जुना माल संपला का, मग वर्कअप (धुऊन वेगळं करणं), मग कॉलम (शुद्ध करणं), मग रोटावर सॉल्व्हंट उडवायचं, मग एनएमआर, म्हणजे रेणूची रचना बरोबर आहे का ते मशीनवर बघायचं. सात-आठ स्टेप झाल्या की शेवटी वीस-तीस मिलिग्रॅम पांढरी पूड. तीही पांढरी निघाली तर, बऱ्याचदा मधासारखा चिकट गोळा निघतो आणि तुम्ही तो स्पॅटुलाने खरवडत बसता. ती कुपी बायोलॉजीला द्यायची आणि गुरुवारी आकडे यायचे. तीन आठवडे खपून केलेल्या रेणूचा आकडा आला की नाही चिकटत, की संपलं, पुढचा.

आणि वास. थायॉल (गंधकाचं संयुग) हाताळलं तर वास केसात बसतो. ट्रान्स-हार्बरला लेडीज डब्यात घणसोलीला चढले की ठाण्यापर्यंत मला चौथी सीट मागावी लागायची नाही, आपोआप मिळायची.

एमएस्सी_भाग_दोन
मॅम मी आत्ता एमएस्सी ऑरगॅनिक करतोय. तो फेज वनवाला रेणू का थांबला ते सांगा ना प्लीज. आणि पीएचडी नसेल तर डिस्कव्हरीत (नवी औषधं शोधण्यात) काही भवितव्य आहे का?

बेन्झीनबाई
पीएचडीचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. गर्ट्रूड एलियन. न्यूयॉर्कची. केमिस्ट्री शिकली, संशोधनाची नोकरी कुणी देईना कारण बाई, मग एका खाद्यपदार्थ कंपनीत लोणच्यांचा आंबटपणा तपासत होती. १९४४ मधे बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्जच्या हाताखाली लागली. रात्रीच्या वर्गांना जाऊन पीएचडी सुरू केलेली, पण संस्थेने सांगितलं नोकरी सोडून पूर्णवेळ या, तिने पीएचडी सोडली नोकरी ठेवली. मग सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन, लहान मुलांच्या ल्युकेमियाचं. १९५३ ला मान्यता. आजही वापरतात. त्याच कुळातलं ॲझाथायोप्रिन, ज्यामुळे परक्याचं मूत्रपिंड अंगात टिकायला लागलं. आणि युरिक ॲसिड वाढलं की तुमच्या बाबांना डॉक्टर देतात ते ॲलोप्युरिनॉल, तेही तिच्याच टीमचं. १९८८ चं नोबेल. म्हणजे पीएचडीशिवाय होतं. पण आपल्याकडे पीएचडी नसेल तर बारा वर्षांनीसुद्धा हूडसमोरच (वाफा ओढून घेणारं लॅबचं कपाट) उभं ठेवतात आणि मीटिंगला तुमची स्लाईड दुसरा दाखवतो, हेही खरं. मी नोकरी करत करत केली, आठ वर्षं लागली.

फेज वनचं रात्री लिहिते, ते लांबेल.

निळा_बगळा
सॉरी पण कडू बोलतो. भारतात औषध "शोधतात" हीच थाप आहे. इकडे सगळं कॉपी. तिकडच्यांनी रेणू शोधायचा, आपण दुसऱ्या रस्त्याने बनवायचा आणि स्वस्तात विकायचा. बाईंच्या सव्वीस वर्षांत शून्य निघालं त्यात नवल ते काय.

मुलुंडचा_जुना
बगळेसाहेब जरा थांबा. मी केमिस्ट नाही, मुलुंडला हेक्स्ट या औषध कंपनीचं रिसर्च सेंटर होतं तिथे स्टोअरला होतो, त्यामुळे कानावर पडलेलं बरंच आहे. तिथे झाडंझुडपं गोळा करून आणायचे पोत्यांनी आणि त्यातून अर्क. कोलिअस नावाची वनस्पती, आपल्याकडे काही ठिकाणी तिच्या मुळ्यांचं लोणचं घालतात बघा, त्या मुळांतून फोर्स्कोलिन काढलं. आज जगातल्या कुठल्याही बायोलॉजीच्या लॅबमधे जा, पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढवायचं तर फोर्स्कोलिनची बाटली असतेच. दुसरं, सह्याद्रीतल्या एका झाडातून रोहितुकीन मिळालं, त्याच्यावरून इथल्या केमिस्ट लोकांनी फ्लाव्होपिरिडॉल बनवलं, कॅन्सरसाठी. पेशींचं विभाजन थांबवणारं, त्या जातीतलं माणसांवरच्या चाचण्यांत गेलेलं पहिलं. दुकानात आलं नाही पण त्याच वाटेने पुढे दुसऱ्यांची आली. आणि गोरेगावला सीबा कंपनीचं सेंटर, तिथे सिंटामिल निघालं, डिप्रेशनवरचं. ते तर विकलंही गेलं. तेव्हा सगळं कॉपी असं म्हणू नका.

बेन्झीनबाई
मुलुंडचे काका, नमस्कार _/\_

बगळा, तुमचं अर्धं बरोबर आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर. म्हणून आपले लोक पद्धती शोधण्यात वाघ झाले, आणि औषध स्वस्त झालं ते त्यामुळेच, त्याला थाप म्हणवत नाही मला. २००५ पासून रेणूवर पेटंट आलं, त्याच्या थोडं आधीपासून कंपन्या डिस्कव्हरीत उतरल्या, आमची पिढी त्या भरतीत आत आली. २०१३ मधे झायडस कंपनीचं सॅरोग्लिटाझार, मधुमेहींसाठीचं औषध, आलं, तो रेणू इथलाच. मोजकी आहेत, पण आहेत.

आणि "शून्य निघालं" यावर रात्री.

माटुंगा_८९
मी यूडीसीटीवाला (माटुंग्याचं केमिकल टेक्नॉलॉजीचं कॉलेज, आता आयसीटी म्हणतात, आम्हाला जमत नाही). या धाग्यावर नित्या आनंद यांचं नाव अजून आलं नाही हे बरोबर नाही.

जन्म १ जानेवारी १९२५, लायलपूर, आता पाकिस्तानात. पहिली पीएचडी आमच्या माटुंग्याला, प्रा. वेंकटरामन यांच्याकडे. मग केंब्रिजला ॲलेक्झांडर टॉड यांच्याकडे दुसरी. १९५१ ला लखनौमधे सीडीआरआय, म्हणजे सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूट, सुरू झालं, तेही कुठे तर गोमतीकाठी छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात. नित्या आनंद तिथे सुरुवातीपासून, पुढे १९७४ ते ८४ संचालक. नवाबाच्या महालात फ्यूम हूड कसे बसवले असतील कल्पना करा.

तिथे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या गटाने सेंटक्रोमन बनवला. सेंट म्हणजे सेंट्रल ड्रग रिसर्चमधलं, आणि क्रोमन ही रेणूची चौकट. गर्भनिरोधक, पण त्यात हॉर्मोन नाही. बाजारात आलं १९९१ ला, सहेली नावाने. म्हणजे साधारण दोन तपं. तोवर ते निवृत्तही झाले होते. २०१२ ला पद्मश्री, आणि २०२४ च्या जानेवारीत गेले, नव्याण्णव वर्षांचे होऊन.

एका संस्थेच्या नावावर असं एक औषध म्हणजे खूप झालं, एका माणसाच्या तर सोडाच.

डॉक्टर_रात्रपाळी
सहेली म्हणजे सरकारी पाकिटातली "छाया". आमच्या पीएचसीत फुकट मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एक. बायकांना समजावताना वार ठरवून द्यायचा, बुधवार-रविवार वगैरे, नाहीतर विसरतात. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते, रोजच्या हॉर्मोनच्या गोळ्यांची मळमळ नाही. फक्त पाळी लांबते, ते आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून परत येते की दिवस गेले म्हणून.

हा रेणू लखनौला शोधला हे मला एमबीबीएसला कुणी सांगितलं नव्हतं. आज कळलं.

बेन्झीनबाई
माटुंगा आणि डॉक्टर, तुम्ही दोघांनी मिळून नेमकं तेच काढलंत ज्यावर मी रात्री लिहिणार होते, त्यामुळे आत्ताच लिहिते, चहा गार होऊ दे.

आठवड्याला एक गोळी का पुरते? कारण सेंटक्रोमन अंगातून जाता जात नाही. अर्धा जायलाच साधारण आठवडा लागतो. आणि सुरुवातीला दोनदा का, तर अंगात पातळी भरून यावी म्हणून. आता केमिस्टच्या नजरेने बघा, एवढा हाफ-लाइफ म्हणजे एरवी रेणू बाद. काही त्रास झाला तर औषध थांबवून उपयोग नाही, ते आतच बसलेलं. लखनौवाल्यांनी तोच दोष धरून आठवड्याची गोळी केली.

आता माझा रेणू.

मधुमेहाचं टार्गेट होतं, आम्ही सात केमिस्ट. चार वर्षांत छान चिकटणारे रेणू झाले पण सगळे हर्ग अडवत होते. हर्ग म्हणजे हृदयातलं पोटॅशियमचं दार, ते अडलं की ठोक्यांची लय बिघडते, माणूस दगावू शकतो. हे काय प्रकरण आहे ते तुमच्या घरातल्या अलेग्रावरून सांगते. पूर्वी टर्फेनाडिन नावाचं ॲलर्जीचं औषध होतं, झोप न आणणारं, जगभर खपायचं. गंमत अशी की ते गिळलं की लिव्हर जवळजवळ सगळंच दुसऱ्या रेणूत बदलून टाकायची आणि खरं काम तो दुसराच करायचा. पण पेशंट जोडीला एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा केटोकोनॅझोल (बुरशीवरचं) घेत असला तर लिव्हरचं ते काम अडायचं, मूळ टर्फेनाडिन रक्तात चढायचं, आणि ते हर्ग अडवायचं. माणसं गेली. १९९८ ला अमेरिकेत बंद झालं. आणि तो दुसरा रेणू, लिव्हर बनवायची तो, त्यालाच बाटलीत भरलं, तो फेक्सोफेनाडिन, म्हणजेच अलेग्रा. फरक किती, तर एका टोकाला कार्बोक्सिलिक ॲसिड. तेवढ्याने हर्गचं दार सुटलं.

आम्हीही आधी ॲसिड लावून बघितलं, हर्ग गेलं पण आतड्यातून शोषणही गेलं. मग मी अमाइनच्या, म्हणजे रेणूतल्या नायट्रोजनवाल्या तुकड्याच्या, शेजारी फ्लोरीन बसवला. फ्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो, अमाइनचा अल्कलीपणा कमी होतो, हर्गला तो अल्कलीपणाच आवडतो. हर्ग एकदम खाली आलं. त्या गुरुवारी मी सबंध टीमला वडापाव दिला. दुसरीकडे लिव्हर एका बेंझीन रिंगवर हल्ला करत होती, तिथेही फ्लोरीन. उंदरात छान, कुत्र्यात छान, हाफ-लाइफ पाच-सहा तास. टॉक्स (विषारीपणाच्या चाचण्या) स्वच्छ. माणसात गेला.

माणसात हाफ-लाइफ निघाला पाच दिवस.

उंदीर-कुत्र्याची लिव्हर त्याला भलत्याच बाजूने तोडत होती, माणसाची लिव्हर तिथे हातच लावत नव्हती, आणि जिथे ती एरवी तोडते तिथे मी माझ्या हाताने फ्लोरीनचं कुलूप घातलेलं. रोज एक गोळी असा प्लॅन होता. साठत जाणार. मीटिंग चाळीस मिनिटांची झाली, प्रोजेक्ट बंद, सोमवारी हूड दुसऱ्या टीमला.

सोलकढी_फुल्ल
अरेरे. वडापावचं वाचून जास्तच वाईट वाटलं.

फार्मा_पण_मार्केटिंग
बाई, राग मानू नका, पण मधुमेहात आठवड्याला एक गोळी हा तर प्लस पॉईंट झाला असता! जपानमधे ट्रेलाग्लिप्टिन आणि ओमारिग्लिप्टिन दोन्ही आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या, दोन्ही २०१५ ला मान्य झाल्या.

बेन्झीनबाई
माहीत आहे. आमची मीटिंग २००९ ची होती.

ओमारिग्लिप्टिनची बातमी वाचली तेव्हा मी दुसऱ्या नोकरीत होते, काँट्रॅक्ट रिसर्च, तिकडे परदेशातला क्लायंट रेणूचं चित्र पाठवतो आणि आपण बनवून पाठवायचा, कुठल्या रोगासाठी तेही सांगत नाहीत. कॅन्टीनमधे मोबाईलवर वाचलं. डबा तसाच बंद केला.

पण खरं सांगायचं तर ते "आम्हीही केलं असतं" इतकं सोपं नव्हतं. आठवडाभर अंगात राहणारं औषध म्हणजे आठवडाभर निर्धोक असायला हवं, त्यासाठी लांब टॉक्स चाचण्या परत करायच्या, पैसा परत. आणि आमच्यात कुणी टेबलावर उभं राहून म्हणालं नाही की हाच गुण धरा. मीपण नाही. मी हर्गचे आकडे घेऊन बसले होते.

निळा_बगळा
आता मला जरा वाईट वाटतंय. शून्य म्हणालो ते मागे घेत नाही पण.

बेन्झीनबाई
घेऊ नका, शून्यच आहे :) पण शून्यातही प्रकार असतात. माझा आवडता किस्सा सांगते, तो माझा नाही, जेम्स ब्लॅकच्या टीमचा, इंग्लंडचा. हिस्टामिनमुळे पोटातलं ॲसिड वाढतं, तर १९६४ पासून ते हिस्टामिनचं काम अडवणारा, हिस्टामिनसारखाच रेणू शोधत होते. वर्षानुवर्षं काही नाही, वरचे लोक म्हणायला लागले गुंडाळा. मग लक्षात आलं की अगदी सुरुवातीला बनवलेला एक रेणू, ग्वानिलहिस्टामिन, तो थोडासा अडवत होता पण स्वतःच थोडं ॲसिडही वाढवत होता, त्यामुळे त्या चाचणीत तो दिसलाच नव्हता. कपाटात पडलेला! तिथून ब्युरिमामाइड, पण ते तोंडाने घेऊन पुरेसं शोषलं जाईना. मग मेटियामाइड, ते छान चाललं, पण काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी घटल्या. संशय रेणूतल्या गंधकाच्या तुकड्यावर, थायोयुरिया म्हणतात तो. गंधक काढून तिथे सायनो लावलेला नायट्रोजन बसवला. झालं सिमेटिडीन. १९७६ ला इंग्लंडमधे आलं आणि अल्सरची ऑपरेशनं ओस पडायला लागली. ब्लॅकना नोबेल एलियनबरोबरच, त्याच वर्षी. कागदावर ती अदलाबदल बघितली तर वाटतं हे तर मीही केलं असतं.

डॉक्टर_रात्रपाळी
माझे सर्जन काका म्हणायचे की त्यांच्या उमेदीत आठवड्याला दोन तरी अल्सरची ऑपरेशनं असायची. शेवटी शेवटी निवासी डॉक्टरांना दाखवायलाही केस मिळेना. आम्ही रॅनिटिडिनवर वाढलो, सिमेटिडीन तर फक्त पुस्तकात.

एमएस्सी_भाग_दोन
मॅम शेवटचा प्रश्न, मी या फील्डमधे येऊ की नको? सर म्हणतात आता एआय रेणू शोधणार, केमिस्ट लागणार नाहीत.

बेन्झीनबाई
एआयने सुचवलेले रेणू आमच्याकडे यायचे शेवटची दोन-तीन वर्षं. काही चांगले असायचे. काहींमधे असा कार्बन असायचा की तो बनवायला मला वर्ष लागलं असतं, आणि बनला असता तर कुपीतच तुटला असता. यादीतला कुठला बनेल, कुठला टिकेल, आणि कुठला बघून हसायचं हे सांगायला माणूस लागत होता. पुढे लागेल का मला नाही सांगता येणार.

यायचं असेल तर एवढं कर. एनएमआर स्वतः वाच, सॉफ्टवेअरला विचारायच्या आधी. बायोलॉजीवाल्यांबरोबर चहा पीत जा, गुरुवारचे आकडे कसे निघतात ते माहीत नसेल तर ग्वानिलहिस्टामिन तुझ्याही कपाटात पडून राहील. आणि प्राण्यांच्या आकड्यांवरून वडापाव वाटू नकोस. पगार सुरुवातीला तुझ्या आयटीवाल्या मित्राच्या अर्धा असेल, त्यावर घरच्यांशी आत्ताच बोलून घे. ग्लोव्ह्ज घालत जा, आमच्या पिढीने डायक्लोरोमिथेनमधे उघडे हात बुडवले, माझी बोटं अजून हिवाळ्यात फुटतात.

मुलुंडचा_जुना
बाई, त्या तुमच्या रेणूची कुपी आहे का हो कुठे? आमच्या स्टोअरला जुन्या कुप्या वर्षानुवर्षं ठेवायचे.

बेन्झीनबाई
असावी काका. नोटबुकं आणि कुप्या कंपनीच्या, आपल्या नाहीत. वीस डिग्री उणेच्या फ्रीजरमधे कुठेतरी तीनेक ग्रॅम पूड असेल, बारकोड लावलेली. बारकोड मला पाठ आहे पण इथे लिहिणार नाही.

सोलकढी_फुल्ल
भाचीला हे सगळं सांगितलंत का मग?

बेन्झीनबाई
रविवारी आली होती, सगळं सांगितलं, अलेग्रापासून फ्लोरीनपर्यंत. नीट ऐकून घेतलं तिने. म्हणाली मावशी भारी आहे हे, पण मी कॉम्प्युटरवरचं काहीतरी घेते, तो वास मला अजून आठवतो.